अकरा ते सहा

रविवारी सकाळी ताई कपाट आवरायला बसली आणि धाकट्याचा फोन आला. धाकटा म्हणजे तिचा भाऊ. पंचेचाळिशी उलटली, डोक्यावरचे निम्मे केस गेले, तरी घरात तो अजून धाकटाच. आणि ती ताई. ऑफिसात ताई, जिन्यात ताई, दूधवाल्याचीही ताईच. कुणी नावाने हाक मारली असती तर बाईसाहेबांनी मागे वळून तरी पाहिलं असतं की नाही, देव जाणे.

"ताई, बाबांचा आलेख पाहिलास का?" धाकट्याने इकडचं तिकडचं काही न बोलता विचारलं.

"बघायचाय. का रे?"

"का म्हणे! यंत्र तुझं, प्रोग्रॅम तुझा, दर रविवारी तुझ्या नावाने मला येतो. आणि तूच बघत नाहीस?"

नव्हती बघत. खोटं कशाला सांगा. पहिला महिना रोज बघायची, मग आठवड्यातून एकदा, मग आज बघू उद्या बघू करता करता राहूनच गेलं.

आता हे यंत्र काय प्रकार होता ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही डोक्यात शिरायचं नाही. चार महिन्यांपूर्वी बाबांना बाथरूममधून येताना चक्कर आली होती. पडले नाहीत, भिंतीला धरून उभे राहिले. पण वय ब्याऐंशी, आई जाऊन सहा वर्षं झालेली आणि घरात दुसरं माणूस नाही. ताईचं गाव बसने पाच तासांवर, धाकटा तर विमानाच्याच अंतरावर. धाकटा म्हणाला कॅमेरा बसवू. बाबा म्हणाले, "मी काय दुकान आहे?" विषय संपला.

मग ताईने एक डबा केला. ती वजनकाट्यांच्या कारखान्यात काट्याच्या पोटातले प्रोग्रॅम लिहायची, त्यामुळे हे काम तिच्या डाव्या हातचा मळ. तळहाताएवढ्या डब्यात एक मायक्रोकंट्रोलर, म्हणजे बोटाच्या पेरावर मावेल एवढा कॉम्प्युटर. त्याच्यातून तीन तारा निघायच्या: एक बाबांच्या टेबलाशी असलेल्या खुर्चीच्या गादीखाली, एक बाहेरच्या दाराला, एक स्वयंपाकघराच्या दाराला. बाबा बसले, एक ओळ. उठले, एक ओळ. दार उघडलं, एक ओळ. या ओळी डब्याच्या बफरमध्ये, म्हणजे साठवणीच्या जागेत, जमा व्हायच्या. तिथून यूएसबीच्या वायरने टेबलावरच्या जुन्या लॅपटॉपमध्ये आणि लॅपटॉपमधून ताईकडे. डब्याला वीज भिंतीतून वेगळी दिलेली. डबा लावताना तिने बाबांना समजावलं होतं, की यूएसबीत एक शिस्त असते. लॅपटॉपने 'आहे का काही?' असं विचारल्याशिवाय डब्याला तोंड उघडता येत नाही. तोवर त्याने सगळं पोटात धरून गप्प राहायचं.

बाबांनी चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. ते लगेच म्हणाले, "म्हणजे लिफ्टच की! वरून कुणी बटन दाबलं तर जायचं, नाहीतर आपलं तळाशी उभं राहायचं."

"तेच ते," ताई म्हणाली होती.

आणि आता हा धाकटा फोनवर.

"सकाळी अकराला खुर्चीत बसतात ते संध्याकाळी सातला उठतात. आठ तास, ताई! मध्ये उठणं नाही, दार नाही, स्वयंपाकघर नाही. काल मी मागचे सगळे आलेख काढून बघितले. एक दिवस नाही, रोज. गेले अडीच महिने."

ताई कपाट तसंच टाकून उठली. आलेख उघडला. धाकटा बोलत होता त्यात तसूभर खोट नव्हती. अकरा वाजता 'बसले' अशी ओळ, आणि तिथून सातपर्यंत एक सरळ रेघ.

"फोनवर तर ठणठणीत बोलतात," ती म्हणाली.

"फोनवर सगळेच ठणठणीत असतात. हे बघ, मी वृद्धाश्रमवाल्यांशी बोललोय. चांगली जागा आहे, नर्स आहे, एक खोली रिकामी होतेय. बुधवारपर्यंत सांगायचंय. मी हो म्हणणार आहे. तू नाही म्हणत असशील तर कारण दे."

"बाबा त्या घरातून हलणार नाहीत रे. म्हणतात ना, इथून जाईन तो आडवाच."

"मग आठ तास खुर्चीत बसून आडवंच व्हायचंय त्यांना. तुझंच गणित आहे, ताई, मी माझ्या मनचं सांगत नाही."

ताईने फोन ठेवला. माणूस आठ तास उठत नाही, अडीच महिने उठत नाही, आणि आपण इथे कपाटं आवरतोय.

दोन दिवसांची रजा टाकून मंगळवारी ती सकाळच्या बसने निघाली. न कळवता. कळवलं असतं तर बाबांनी घर झाडून, दाढी करून ठेवली असती आणि तिला खरं काहीच दिसलं नसतं.

साडेबाराला ती जिना चढून दारात पोचली तर दाराला कुलूप.

समोरच्या दारात शिंपी मशीन चालवत बसला होता. तो मान वर न करता म्हणाला, "बाबांना शोधताय? आत्ता कसे सापडतील. सकाळी वाचनालय, मग भाजी. आत्ता मागच्या इमारतीत गेलेत. तिथली लिफ्ट कुरकुरते म्हणून तिचा आवाज ऐकायला."

"आवाज ऐकायला?"

"हात लावत नाहीत हो आता. नुसते ऐकतात आणि मेकॅनिकला नावं ठेवून परत येतात. दिवसाला सहा खेपा होतात जिन्यावर. मला दमायला होतं बघून."

ताईने पर्समधली किल्ली काढून दार उघडलं. खोली स्वच्छ होती. खुर्ची टेबलाशी सरकवलेली, रिकामी. लॅपटॉपचं झाकण बंद, आणि त्यावर धूळ बसू नये म्हणून घडी घातलेला पंचा. बाजूला डबा आपला इमानेइतबारे लुकलुकत होता. ताई खुर्चीत बसली. तिने बसताच डबा लुकलुकला. तिलाही त्याने मोजून घेतलं.

अरे देवा, असं ती स्वतःशीच म्हणाली. झाकण बंद म्हणजे लॅपटॉप झोपलेला. झोपलेला लॅपटॉप डब्याला काही विचारणार नाही, आणि विचारल्याशिवाय डबा बोलणार नाही. अकराला बाबा खुर्चीत बसून झाकण लावत असणार, म्हणून शेवटची ओळ गेली ती 'बसले'. त्यानंतर शांतता. आणि शांतता वेगळी, बसून राहणं वेगळं, एवढी साधी गोष्ट तिने प्रोग्रॅमला शिकवलीच नव्हती. स्वतःच्या टेबलावर तपासणी करताना तिचा लॅपटॉप सदान्कदा उघडा असायचा. झाकण कुणी लावेल हे तिच्या स्वप्नातही आलं नाही.

पण मग दिवसभर पोटात धरलेल्या ओळींचं पुढे काय व्हायचं? झाकण उघडल्यावर त्या तिच्याकडे यायलाच हव्या होत्या. ते कोडं तिला काही सुटेना.

तेवढ्यात बाबा आले. हातात भाजीची पिशवी, कपाळावर घाम. "ठमे!" ते दारातूनच ओरडले. जगात तिला ठमे म्हणणारं हे एकच माणूस उरलं होतं. आणि लगेच त्यांचा चेहरा उतरला. "काय गं? कुणी गेलं का?"

"कुणी नाही गेलं. तुम्हाला बघायला आले."

"बघ की मग! फुकट आहे." आणि ते हसत हसत चहाला पाणी ठेवायला गेले.

दुपारभर ती बघत राहिली. बाबा चारदा बाहेर गेले, स्वयंपाकघरात तर सारखेच. एकदा शिंप्याला कात्रीला धार लावून देऊन आले. झाकणाला मात्र त्यांनी हात लावला नाही, आणि तिनेही विचारलं नाही. काय होतं ते आपल्या डोळ्यांनी बघू, असं तिने ठरवलं होतं.

पावणेसहाला बाबा उठले. तोंड धुतलं, उरलेसुरले केस विंचरले आणि खुंटीवरचा इस्त्रीचा शर्ट काढून घातला. बटणं गळ्यापर्यंत.

"कुठे निघालात?"

"कुठे नाही," बाबा ओशाळून म्हणाले. "असंच."

मग ते खुर्चीत बसले, पंचा बाजूला केला आणि झाकण उघडलं. सहाला दोन मिनिटं कमी होती. ताईच्या मांडीवरच्या तिच्या स्वतःच्या लॅपटॉपवर ओळींचा लोंढा आला. बसले, उठले, दार, दार, स्वयंपाकघर, एकेचाळीस ओळी, सगळ्या एका सेकंदात. डब्याला घड्याळ नव्हतं. ओळ पोचली ती वेळ लॅपटॉप तिच्यावर मारायचा. त्यामुळे बाबांची अख्खी दुपार पाच अठ्ठावन्नच्या एका सेकंदात कोंबली गेली होती. आणि क्षणात ती पुसलीही गेली, कारण ताईनेच तशी सोय केली होती. दाराचा स्विच कधीकधी खडखडतो आणि एका उघडण्याच्या दहा ओळी पाठवतो, म्हणून एका सेकंदात तीनपेक्षा जास्त ओळी आल्या तर त्या कचरा समजून फेकायच्या. तिला स्वतःच्या हुशारीचं केवढं कौतुक वाटलं होतं तेव्हा!

अडीच महिने बाबा रोज चालत होते आणि ती रोज त्यांचं चालणं कचऱ्यात टाकत होती.

"बाबा, हे झाकण दिवसभर बंद का ठेवता?"

"तूच म्हणालीस ना."

"मी? कधी?"

"मी त्या लिफ्टचं सांगायला दुपारी फोन केला होता बघ. तू म्हणालीस, बाबा, मी कामात असते, दुपारी डोकं नका खाऊ." ते हे तक्रारीच्या सुरात बोलले नाहीत, बातमी सांगावी तसं सांगितलं. "मग म्हटलं, फोन नाही तर डब्याने तरी का खावं? मी इकडे दार उघडणार, तिकडे तुझ्यासमोर टुकटुक होणार. अकराला तू कामाला बसतेस, सहाला घरी येतेस. तेवढा वेळ झाकण बंद."

ताईला तो फोन आठवला. त्या दिवशी काटा चुकीचं वजन दाखवत होता आणि साहेब डोक्यावर उभे होते. ती खेकसली होती, आणि अर्ध्या तासात विसरूनही गेली होती.

"आणि सहाला?" तिने विचारलं.

"सहाला तू आलेली असतेस. तू तिकडे बसलीस की मी इकडे बसतो. सातपर्यंत. बोलता येत नाही, दिसत नाही, ते कळतं मला. पण दोघं बसलेलो असतो ना." त्यांनी शर्टाची कॉलर नीट केली. "दिवसभर मी आपला भटकत असतो. तेवढा एक तास उठत नाही. म्हटलं, तुला दिसू दे, बाबा बसलाय."

आलेखातल्या त्या आठ तासांत खरा होता तो हाच एक तास. आणि धाकट्याने त्या सबंध रेघेभोवती लाल गोल काढून पाठवला होता.

ताईला वाटलं, गप्प बसावं. हो म्हणावं, मी असते, रोज असते. काय बिघडलं असतं? पण बाबांच्या अंगात तो इस्त्रीचा शर्ट होता, आणि त्या शर्टाकडे बघून तिला खोटं बोलवेना.

"बाबा, तिकडे कुणी नसतं," ती म्हणाली. "प्रोग्रॅम आपोआप लिहून ठेवतो. मी बघत नाही. अडीच महिने झाले, मी एकदाही बघितलं नाही."

समोरून शिंप्याच्या मशीनचा आवाज येत होता.

"कळत होतं गं," ते म्हणाले. "लिफ्ट भरलेली जातेय की रिकामी, हे दोराच्या आवाजावरून सांगायचो मी. एवढंही कळणार नाही?"

"मग रोज का बसायचात?"

"शर्ट बदलायला काहीतरी निमित्त नको का?"

ताईला हुंदका आला. बाबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि पुरुषमाणसाला रडणाऱ्या मुलीचं काय करावं हे कळलं नाही की तो करतो तेच केलं, कामाचं बोलायला लागले. "तुझ्या डब्यात एक खोट आहे, सांगू? लिफ्ट उशिरा आली तर लोक थांबतात. पण बटनातला दिवा लागला नाही तर चिडतात, दाराला लाथा घालतात. दिवा लागला की माणूस गुमान उभा राहतो. वर कुणीतरी आहे, एवढं कळलं की पुरे असतं. तुझ्या डब्याला दिवाच नाही."

त्यांनी खणातून लिफ्टचं एक जुनं बटन काढलं, गोल, पिवळट काचेचं, आत बल्ब गेलेला. ताईने डोळे पुसले. तारांना डाग द्यायचा बाबांचा कैया तापत ठेवला, डबा उघडला, आणि बाबांनी वरून बॅटरीचा उजेड धरला.

बुधवारी सकाळपर्यंत सगळं झालं. आता डबा प्रत्येक ओळीवर स्वतःची वेळ मारत होता, त्यामुळे ओळी कितीही उशिरा पोचल्या तरी आपापल्या जागी जाऊन बसत होत्या. कचऱ्याचा नियम तिने उडवला. बफर वाढवला. बाबांना सांगितलं, झाकण हवं तर लावा, डबा सगळं लक्षात ठेवेल. आणि त्या पिवळ्या बटनात एक बारीक दिवा बसवला. तिने तिच्या घरी लॅपटॉपवर एक कळ दाबली की तो निरोप उलट्या वाटेने बाबांच्या लॅपटॉपमध्ये, तिथून यूएसबीने डब्यात, आणि दिवा लागणार.

"हा लागला म्हणजे मी आहे," ती म्हणाली. "नाही लागला तर मी नाही. मग बसू नका, खुशाल फिरायला जा."

"जाईन की," बाबा म्हणाले.

संध्याकाळी निघण्याआधी त्या दिवशीची खरी दुपार दाखवणारा आलेख तिने धाकट्याला पाठवला. त्याचा लगेच फोन. "सहा वेळा बाहेर? जिन्याने? माझे गुडघे दोनदा चढलं की बोंब मारतात!" वृद्धाश्रमवाल्यांना तो सध्या नको म्हणून सांगणार होता. मग तिने दिव्याचंही सांगितलं. तो म्हणाला, "ताई, त्यापेक्षा सहाला आपोआप लागेल असं कर ना. रोज कुठे बसत राहशील? त्यांना काय कळणार आहे."

"बघते," ताई म्हणाली.

आणि बघितलंही हं तिने. बसमध्ये पाच तास काय करायचं? प्रोग्रॅमच्या एका ओळीचं काम होतं. तिने ती ओळ लिहून ठेवली, फक्त चालू केली नाही. असू दे अडीअडचणीला, असं म्हणून.

अडचण यायला दुसऱ्याच दिवशीचा मुहूर्त सापडला. गुरुवारी साडेपाचला साहेबांनी बैठक बोलावली. नव्या काट्याचा आकडा स्थिर होत नव्हता आणि प्रत्येकाला त्यावर मत होतं. पावणेसहा झाले, सहा झाले. ताईचा फोन टेबलाखाली तिच्या मांडीवर. फोनवरून ती ओळ चालू करायला दोन बोटं पुरली असती, आणि तिकडे दिवा लागला असता. बाबांना सुखाची एक संध्याकाळ, ताईला ही बैठक, साहेबांना काटा. सगळे खूश.

तिने बोट नेलंही होतं. मग तिला बाबांचं ते वाक्य आठवलं, दोराच्या आवाजाचं. तिने ती ओळ पुसून टाकली, उठली आणि म्हणाली, "मला घरी जायचंय."

साहेब बघतच राहिले. ताईला घरी कुणी वाट बघणारं आहे हे ऑफिसला नवीनच होतं.

बस चुकली, दुसरी उशिरा आली. तिसऱ्या मजल्यापर्यंत ती अक्षरशः धावली. दार उघडून, खांद्यावरची पर्सही न काढता लॅपटॉपसमोर बसली तेव्हा सहा अडतीस झाले होते. पडद्यावर ओळ होती: पाच छप्पन, बसले. पुढे काही नाही. म्हणजे दिवा न लागताच बाबा बेचाळीस मिनिटं बसून होते. फिरायला जाईन म्हणणारे!

तिने कळ दाबली. डब्याचं उत्तर आलं, दिवा लागला.

बस्, एवढंच. पुढे काही घडलं नाही. ती पडद्यासमोर बसून राहिली. घरात फ्रीजचा तेवढा आवाज होता. किती वर्षं ती या खोलीत एकटी बसत होती, पण समोर कुणीतरी बसलंय म्हणून एका जागी बसण्याची सवयच राहिली नव्हती. दोनदा तिला उठावंसं वाटलं, दोनदा ती बसली. "उशीर झाला हो बाबा," ती पडद्याला म्हणाली. ऐकू जाणार नव्हतं ते तिलाही माहीत होतं.

सात वाजले. आता उठतील, असं म्हणून ती ओळीची वाट बघू लागली. ओळ आली नाही. सात दहा झाले, सव्वासात झाले. बाबा कधी सातच्या पुढे बसत नव्हते. अडीच महिन्यांचा आलेख साक्षीला होता. चक्कर आली असेल का? खुर्चीतच? फोन हातात घेतला, शिंप्याचा नंबर काढला. पण दिवा चालू होता. ते बसणं आपणच आधी फोन करून कसं मोडायचं? साडेसात झाले. आणखी दहा मिनिटं बघू आणि मग फोन करू, असं तिने स्वतःला बजावलं.

सात अडतीसला ओळ आली: उठले.

पाठोपाठ स्वयंपाकघराचं दार. मग फोन वाजला. "दमलीस ना गं," बाबा म्हणाले. "जा, जेवून घे आता."

"तुम्ही इतका वेळ का बसलात? सातला उठायचं ना! माझा जीव टांगणीला लागला इथे."

"सातला कसा उठू? तू अडतीसला आलीस." त्यांना प्रश्नच कळला नव्हता. "तास भरायला नको?"

फोन ठेवल्यावर ताई रडली, चांगली पोटभर रडली. कुणी बघायला नव्हतं, म्हणून तोंड झाकायचीही गरज नव्हती. मग तिने तोंड धुतलं, रविवारपासून अर्धवट पडलेलं कपाट उघडलं आणि उद्या संध्याकाळी घालायला इस्त्रीचा एक कुर्ता काढून खुर्चीवर ठेवला.